दुष्फेन, जड की कठीण?

माध्यमिक शाळेत पाण्याचा धडा शिकवताना एक शब्द हमखास अडतो. पुस्तकात 'दुष्फेन पाणी' असे छापलेले असते. विद्यार्थी घरी ऐकतो 'जड पाणी'. शेजारच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलाच्या वहीत 'हार्ड वॉटर' असते, त्याचा शब्दशः तर्जुमा होऊन कुठे 'कठीण पाणी' येते, तर कुठे हिंदीच्या वळणाने 'कठोर पाणी'. हाच विद्यार्थी पुढच्या वर्गांत गेला की त्याला 'जड पाणी' पुन्हा भेटते. या वेळी मात्र ते अणुभट्टीतले असते आणि साबणाशी, डाळीशी किंवा बंबावरच्या पांढऱ्या थराशी त्याचे काही नाते नसते.

एका वस्तूला चार नावे असली तर भाषेचे फारसे बिघडत नाही. पण एकच नाव तीन वस्तूंना असले तर विज्ञानाचे बिघडते. म्हणून या शब्दांची झाडाझडती घ्यावी असे आम्हाला वाटले. कोणता शब्द अधिक शुद्ध वा अधिक मराठी, हा आमचा प्रश्न नाही. शब्द ऐकल्यावर विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते आणि त्यावरून तो पुढे काय करतो, एवढाच आमचा प्रश्न आहे.

सुरुवात 'जड'पासून करू, कारण घराघरांत तोच बोलला जातो.

मराठी माणूस पाण्याला जड म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो तराजूचा विचार करत नसतो, पोटाचा करत असतो. परगावी गेलेला पाहुणा चार दिवसांनी म्हणतो, "इथले पाणी जड आहे, भूक लागत नाही." हलके पाणी म्हणजे पचायला हलके आणि जड म्हणजे पचायला जड. आयुर्वेदाच्या ग्रंथांत पाण्याचे गुरू आणि लघू असे गुण सांगितले आहेत आणि पावसाच्या पाण्याला लघू म्हटले आहे. घरातला शब्द त्याच परंपरेतला दिसतो. 'अन्न जड झाले', 'औषध जड पडले' या बोलण्यातला जड हाच.

दुसरा अर्थ स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात तयार झाला. ज्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, केस धुतले तर चिकट राहतात, साबणाला फेस येत नाही, ते पाणी जड. इथे शब्दामागे निरीक्षण आहे आणि ते पक्के आहे. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम डाळीच्या पेशीभित्तिकांतल्या पेक्टिनशी बांधले जातात, पेशी एकमेकींपासून सुट्या होत नाहीत आणि दाणा टणक राहतो. अशा वेळी चिमूटभर खाण्याचा सोडा टाकणाऱ्या आजीबाई रसायनशास्त्र शिकलेल्या नसतात, पण त्यांचा उपाय रसायनशास्त्राला धरूनच असतो. गंमत अशी, की हा जड आणि पोटातला जड हे बोलताना एक होऊन जातात. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते पोटातही 'शिजवत' नसणार, असे मन आपोआप धरून चालते.

तिसरा जड वजनाचा. हॅरॉल्ड युरी यांनी १९३१ साली हायड्रोजनचा एक समस्थानिक शोधला. त्याच्या अणूचे वस्तुमान नेहमीच्या हायड्रोजनच्या जवळजवळ दुप्पट आहे. हा ड्यूटेरियम. १९३४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक युरींना यासाठीच मिळाले. ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन मिळून होणारे पाणी गिल्बर्ट लुइस यांनी १९३३ साली जवळजवळ शुद्ध रूपात वेगळे केले. साध्या पाण्यापेक्षा ते सुमारे ११ टक्के अधिक घन असते, ३.८ अंश सेल्सिअसला गोठते आणि १०१.४ अंशांना उकळते. त्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर बुडतो. निसर्गात सुमारे ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक ड्यूटेरियमचा असतो. तो विहिरीत आहे, नळात आहे आणि आपल्या रक्तातही आहे. हे पाणी खरोखर जड आहे, म्हणून त्याचे परिभाषेतले नाव 'जड पाणी' हे अगदी योग्य आहे. महाराष्ट्राला ते परकेही नाही. रायगड जिल्ह्यात थळ येथे जड पाण्याचा कारखाना १९८७ पासून आहे. तारापूरला तर दोन्ही प्रकार शेजारी नांदतात. १९६९ च्या जुन्या दोन अणुभट्ट्या साध्या, म्हणजे परिभाषेत 'हलक्या', पाण्याच्या आहेत आणि २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या दोन जड पाण्याच्या.

आता एक वाक्य फळ्यावर लिहून पाहावे : 'शुद्ध जड पाणी हे सुफेन असते.' त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही, तेव्हा साबणाला फेस यायलाच हवा. वाक्य बिनचूक आहे, पण घरचा शब्द डोक्यात असलेल्या विद्यार्थ्याला ते 'ओले पाणी कोरडे असते' असे वाटेल. उलट, घरच्या बोअरचे पाणी 'जड' आहे असे ऐकलेला मुलगा वर्तमानपत्रात जड पाण्याच्या कारखान्याची बातमी वाचून, हा कारखाना गावाला डाळ न शिजणारे पाणी पुरवतो की काय, असे विचारू शकतो. त्या मुलाला हसण्याचे कारण नाही. आपण त्याच्या हातात दोन कुलपांना एकच किल्ली दिलेली आहे.

यात आमचे मत स्पष्ट आहे. विज्ञानाच्या तासाला 'जड पाणी' हा शब्द ड्यूटेरियमच्या पाण्यासाठी राखून ठेवावा. घरचा 'जड' खोटा आहे म्हणून नव्हे, तर तो फार गोष्टी एकदम सांगतो म्हणून.

'कठीण' आणि 'कठोर' यांच्याबद्दल फार बोलण्याची गरज नाही. पाश्चात्त्य परंपरेत ही कल्पना फार जुनी आहे. हिपोक्रेटीसच्या नावावर असलेल्या हवा, पाणी आणि ठिकाणे यांविषयीच्या ग्रीक ग्रंथात खडकांतून येणाऱ्या पाण्याला 'टणक' अशा अर्थाचेच विशेषण आहे. इंग्रजीत ते 'हार्ड' झाले आणि त्याच्या जोडीला 'सॉफ्ट' आले. तिथल्या माणसाला त्या शब्दांमागचा अनुभव परंपरेने मिळतो. मराठीत मात्र कठीण म्हणजे टणक तरी किंवा अवघड तरी. टणक पाणी म्हटले तर बर्फ आठवतो. अवघड पाणी म्हटले तर पोहायला अवघड, म्हणजे भोवऱ्याचा डोह. ज्या शब्दातून स्वतःच्या भाषेत काहीच दिसत नाही, तो पाठ करता येतो, पण वापरता येत नाही. ज्या पुस्तकांतून हा तर्जुमा शिरला आहे तिथून तो जावा, एवढेच म्हणतो.

राहिला 'दुष्फेन'. या शब्दावर सर्वांचा राग आहे. उच्चाराला जोडाक्षर, रूप संस्कृत, आणि बोलण्यात कुणाच्या तोंडी नाही. विद्यार्थी तो 'दुश्फेन', 'दूषफेन' असा वाटेल तसा लिहितात. तरीही आम्ही या शब्दाच्या बाजूने उभे आहोत. दुस् म्हणजे कष्टाने, वाईट रीतीने. फेन म्हणजे फेस. औषधांच्या दुकानातला समुद्रफेन ज्यांना माहीत आहे त्यांना फेन परका वाटू नये. ज्याला फेस कष्टाने येतो ते दुष्फेन आणि ज्याला सहज येतो ते सुफेन. पाणी कसे आहे हे सांगताना ते कसे ओळखायचे हेही हा शब्द सांगतो. शब्दातच कसोटी आहे. इंग्रजी 'हार्ड'मध्ये ती नाही, 'जड'मध्येही नाही.

आणि कसोटी काही लुटुपुटूची नाही. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पाण्याची दुष्फेनता मोजण्यासाठी हीच कसोटी प्रमाणित केली. साबणाचे ठरावीक तीव्रतेचे द्रावण पाण्याच्या नमुन्यात थोडे थोडे घालायचे, बाटली हलवायची आणि टिकाऊ फेस येईपर्यंत किती द्रावण लागले ते मोजायचे. पुढे विसाव्या शतकात श्वार्त्सेनबाख यांनी ईडीटीए वापरण्याची पद्धत दिली. त्यात दर्शकाचा मद्यासारखा लाल रंग निळा झाला की मोजणी संपते. प्रयोगशाळेत आज तीच चालते. पण जवळपास शंभर वर्षे नगरपालिकांच्या पाण्याचे मोजमाप फेसावर झाले.

फेस का येत नाही, हे आकड्यांत मांडले तर शब्दाचे वजन कळते. साबण म्हणजे मेदाम्लांचा सोडियम क्षार. पाण्यातले कॅल्शियम आले की सोडियमच्या जागी ते बसते आणि न विरघळणारा कॅल्शियमचा साबण तयार होतो. बादलीच्या कडेला चिकटणारा तो करडा साका. जोवर कॅल्शियम व मॅग्नेशियम शिल्लक आहे तोवर साबण त्यांच्यावर खर्च होत राहतो; फेस त्यानंतर. समजा पाण्याची दुष्फेनता लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे. आपल्याकडच्या पुष्कळ बोअरना हा आकडा मुळीच परका नाही. सोडियम स्टिअरेट हा नमुन्याचा साबण धरून हिशेब केला तर लिटरला सुमारे १.८ ग्रॅम साबण फेस येण्यापूर्वीच वाया जातो. १५ लिटरच्या बादलीत २७ ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅमच्या वडीचा चौथा हिस्सा, कपड्यावरचा एकही डाग न काढता. उन्हाळ्यात नदी आटली की विहिरीवर धुणे धुणाऱ्या बाईला 'साबण पुरत नाही' असे वाटते, ते खरेच असते. दुष्फेन या अवघड शब्दात तिचा महिन्याचा खर्च दडलेला आहे.

इथे 'लिटरला ३०० मिलिग्रॅम' म्हणजे कशाचे, हे सांगायला हवे, कारण इथेही एक फसवा शब्दप्रयोग आहे. अहवालात 'कॅल्शियम कार्बोनेटच्या स्वरूपात' असे लिहिलेले असते. विद्यार्थी समजतो, पाण्यात तेवढा चुना विरघळला आहे. तसे नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांची बेरीज करायची तर दोन्हींना एकाच मापात आणावे लागते, म्हणून दोन्ही जणू कॅल्शियम कार्बोनेटच आहेत असे धरून आकडा मांडतात. ४० मिलिग्रॅम कॅल्शियम किंवा सुमारे २४ मिलिग्रॅम मॅग्नेशियम म्हणजे १०० मिलिग्रॅम दुष्फेनता. एखाद्या पाण्यात लिटरला ६० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ३० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असेल तर दुष्फेनता होईल सुमारे २७३. हे उदाहरण दहावीच्या वर्गाने स्वतः सोडवावे.

आता दुष्फेन शब्दाचे दुखणे. ते गंभीर आहे आणि झाकण्यासारखे नाही.

पहिले दुखणे असे की, ज्या साबणावर हा शब्द उभा आहे तोच पुष्कळ घरांतून बाजूला झाला. भारतात सर्फ १९५९ साली आले, निरमा १९६९ साली अहमदाबादेत सुरू झाले, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत कपडे धुण्याच्या साबणाची जागा पावडरीने व निळ्या-पिवळ्या वड्यांनी घेतली. त्यांना आपण साबणच म्हणतो, पण ते अपमार्जक आहेत. त्यांच्या रेणूचे एक टोक सल्फोनेटचे असते आणि सल्फोनेटचा कॅल्शियम क्षार साबणाच्या साक्यासारखा सहज बाहेर पडत नाही. शिवाय पावडरीत धुण्याचा सोडा किंवा तत्सम द्रव्ये आधीच मिसळलेली असतात, ती कॅल्शियमची परस्पर वाट लावतात. परिणाम असा, की शाळेत 'दुष्फेन व सुफेन पाणी ओळखा' हा प्रयोग करताना मुले घरून पावडर आणतात, कुणी शांपू आणतो, आणि दोन्ही परीक्षानळ्या फेसाने भरून जातात! पुस्तक म्हणते फेस येणार नाही, समोर फेस दिसतो आहे. अशा वेळी बरेचदा 'पुस्तकात आहे तेच लिहा' असे सांगून प्रयोग आटोपतो. आमच्या मते विज्ञान शिकवण्याची याहून चांगली संधी वर्षभरात दुसरी मिळत नाही. फेस का आला? पाणी बदलले की फेस आणणारा बदलला? दुष्फेनता हा एकट्या पाण्याचा गुण नाही, तर पाणी आणि साबण यांच्यातल्या व्यवहाराचे ते नाव आहे, हे त्या भरलेल्या नळ्या जितके चांगले शिकवतील तितके कोणतेही पुस्तक शिकवणार नाही.

दुसरे दुखणे आहे 'दुस्' या उपसर्गाचे. दुर्गुण, दुर्गंध, दुष्काळ, दुष्ट यांच्या रांगेत दुष्फेन बसला की ते पाणीच वाईट असे ऐकणाऱ्याला वाटू लागते. वास्तविक या शब्दातला दोष फेसापुरता आहे. पिण्याचा त्यात उल्लेखही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दुष्फेनतेसाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. आपल्या भारतीय मानकाने (क्रमांक १०५००) स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम धरली आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतले आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक खात्याच्या प्रचलित वर्गवारीत १८० च्या पुढचे पाणी 'फार हार्ड' ठरते. म्हणजे त्यांच्याकडे सर्वांत वरच्या पायरीवर बसणारे १९० चे पाणी आपण निर्धास्तपणे पिण्यायोग्य म्हणतो, आणि यात विसंगती काही नाही. तिथली वर्गवारी बॉयलर आणि धुलाई यंत्र यांच्या काळजीने केलेली आहे, इथले मानक पिणाऱ्याच्या.

मुतखड्याची भीती तर घरोघर आहे. 'बोअरचे पाणी पितो, म्हणून खडा झाला' हे विधान इतक्यांदा ऐकू येते की ते सिद्धच आहे असे वाटावे. पण दुष्फेन पाण्याने मुतखडा होतो असा निर्विवाद पुरावा मिळालेला नाही. उलट बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात आणि जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला अडवून ठेवते, हेही लक्षात घ्यायला हवे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. वरच्या उदाहरणातले पाणी कुणी तीन लिटर प्यायला तर त्याला १८० मिलिग्रॅम कॅल्शियम फुकट मिळते. ज्या घरात दूध बेताचे येते तिथे ही रक्कम लहान नव्हे.

या गोंधळाचा फायदा कुणी घेतला हे सांगायला नकोच. दारोदार एक पेनासारखे यंत्र घेऊन विक्रेते येतात, ते पेल्यात बुडवतात, आकडा ४०० च्या पुढे गेला की "बघा, किती जड पाणी पिता तुम्ही!" असे म्हणतात आणि आरओचे यंत्र विकतात. ते पेन दुष्फेनता मोजतच नाही. ते पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या पदार्थांचा, म्हणजे टीडीएसचा, अंदाज देते. वीज वाहून नेणारा आयन कॅल्शियमचा आहे की सोडियमचा, हे त्याला कळत नाही. याची साधी खातरजमा हवी असेल तर राळेवर चालणाऱ्या मृदुकारी यंत्राचे पाणी तपासावे. ते यंत्र कॅल्शियम काढून घेते आणि तेवढ्याच विद्युतभाराचे सोडियम पाण्यात सोडते. दुष्फेनता जवळजवळ शून्यावर येते, साबणाला सुंदर फेस येतो आणि टीडीएसच्या पेनातला आकडा जवळपास जिथल्या तिथे राहतो. म्हणजे आकडा तोच, पाणी मात्र सुफेन. विदर्भातल्या खारपाणपट्ट्याचे मुख्य दुखणे खारटपणाचे आहे, त्यात सोडियमचा वाटा मोठा आहे, आणि सोडियम दुष्फेनतेच्या बेरजेत धरलेच जात नाही. खारे, दुष्फेन आणि दूषित या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. तिसऱ्या तक्रारीतले जंतू तर त्या पेनाला दिसतच नाहीत. ४० टीडीएसच्या पाण्यातूनही कावीळ होऊ शकते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये, जिथे टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी आहे तिथे आरओच्या वापरास मनाई करावी, असे पर्यावरण मंत्रालयाला सांगितले होते. तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कायद्याचे काय व्हायचे ते होवो. पण जे पाणी यंत्रात आत जाते त्यातले बरेचसे नळीवाटे मोरीत जाते, हे प्रत्येक घरात दिसते. दुष्काळी तालुक्यात केवळ एका शब्दाच्या धाकाने पाणी असे वाहून जाणे आम्हाला क्षम्य वाटत नाही. जिथे फ्लोराइड, नायट्रेट किंवा खारटपणा मर्यादेबाहेर आहे तिथली गोष्ट वेगळी, तिथे यंत्राची खरोखर गरज असू शकते. पण ती गरज रासायनिक तपासणीने ठरावी, पेनाने नव्हे.

आणखी एका जोडीवर आमचा आक्षेप आहे : 'तात्पुरती' आणि 'कायमची' दुष्फेनता, किंवा अस्थायी आणि स्थायी. कॅल्शियमचे बायकार्बोनेट असेल तर पाणी उकळल्यावर कार्बन डायऑक्साइड निघून जातो, न विरघळणारे कार्बोनेट खाली बसते आणि दुष्फेनता उतरते. ही तात्पुरती. सल्फेट व क्लोराइड उकळून जात नाहीत. ती कायमची. आता धडा उघडून पाहावा. 'कायमची दुष्फेनता' या मथळ्याखाली पुढचाच परिच्छेद 'ती दूर करण्याचे उपाय' सांगत असतो! धुण्याचा सोडा टाकला की जाते, राळेतून गाळले की जाते. मग कायमची कसली? ती कायमची आहे ती फक्त चुलीच्या दृष्टीने. आणि तात्पुरती म्हणतात ती लाखो वर्षे भूजलात सुखाने राहते. त्याऐवजी 'कार्बोनेट दुष्फेनता' आणि 'कार्बोनेटेतर दुष्फेनता' हे शब्द लांब असले तरी खोटे बोलत नाहीत. ते अवघड वाटत असतील तर 'उकळून जाणारी' आणि 'उकळून न जाणारी' असे सरळ म्हणावे. मुलांना ते पाठ करावे लागणार नाही.

उकळून जाणाऱ्या दुष्फेनतेचा पुरावा महाराष्ट्राच्या पठारावर जागोजाग आहे. जुन्या तांब्याच्या बंबाच्या आत, पाणी तापवण्याच्या हंड्याच्या बुडाशी, आणि अलीकडे गीझरच्या कॉइलवर जो पांढरा कडक थर बसतो, तो हाच कार्बोनेट. लोक त्याला 'क्षार' म्हणतात. त्यावर लिंबू पिळले तर बुडबुडे येतात, ही तपासणी कोणत्याही घरात होते. हे कॅल्शियम आले कुठून? आपल्या काळ्या कातळातून. दख्खनच्या बेसॉल्टमधील फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांत कॅल्शियम व मॅग्नेशियम असते. जमिनीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरणारे पाणी त्यांना वर्षानुवर्षे कुरतडते आणि बायकार्बोनेट घेऊन विहिरीत उतरते. काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे सापडतात ते याच प्रवासातले. कोकणातल्या जांभ्यात हे धातू पावसाने केव्हाच धुऊन नेले आहेत, म्हणून तिथल्या विहिरींचे पाणी सहसा सुफेन असते. घाटावर दिलेली मुलगी कोकणातून आल्यावर पहिल्या आठवड्यात 'इथे साबणाला फेस येत नाही' म्हणते, तेव्हा ती नकळत दोन खडकांची तुलना करत असते.

तेव्हा वर्गात करायचे ते एवढेच. स्नानाचा साबण आणावा, पण वेष्टन वाचून. त्यावर 'टॉयलेट सोप' लिहिलेले असावे. 'बेदिंग बार' असेल तर त्यात अपमार्जकही मिसळलेले असू शकते. पावसाच्या साठवलेल्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्यात किसलेला साबण विरघळवून द्रावण करावे. एकसारख्या बाटल्यांत ५० मिलिलिटर पावसाचे, नळाचे, विहिरीचे व बोअरचे पाणी घ्यावे. ड्रॉपरने दर वेळी ठरावीक थेंब घालावेत, बूच लावून हलवावे आणि पाच मिनिटे टिकणारा फेस येईपर्यंत थेंब मोजावेत. मग तीच पाण्याची जोडी पावडरीने करून पाहावी. बोअरचे पाणी दहा मिनिटे उकळून, निवळून पुन्हा मोजावे. लागलेले थेंब किती कमी झाले, तेवढी उकळून जाणारी दुष्फेनता.

शक्य असेल तर एकाच विहिरीचे पाणी श्रावणात एकदा आणि चैत्रात एकदा मोजावे व दोन्ही आकडे शाळेच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. पुढच्या वर्षीच्या वर्गाला ते उपयोगी पडतील.